सात पूर्ण, आठवं चालू

मूल सात वर्षांचं झालं की त्याला विवेक आहे असं गृहीत धरावं, असं कॅथलिक चर्चचा कायदा सांगतो. १९८३ च्या संहितेतलं कलम ९७. विवेक आल्याची हमी कुणी दिलेली नाही, नुसतं गृहीत धरायचं. हे कलम लिहिणाऱ्यांपैकी एकाने तरी कधीकाळी दुसरीचा वर्ग सांभाळला असावा, असा माझा संशय आहे. आपलं सरकारही नेमकं याच आकड्यावर येऊन थांबलंय. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८२ होतं : सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी तो गुन्हा नव्हे. २०२४ च्या जुलैत भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमाचा नंबर बदलून २० झाला, वय मात्र सातच राहिलं. रोम आणि दिल्लीचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत आहे, त्यांत माझा वर्ग येतो.

वसईत, चर्चच्या आवारातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी दुसरीला शिकवते. पहिलीत प्रवेश देताना त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर मुलाची सहा वर्षं पूर्ण लागतात. त्या हिशेबाने दुसरीच्या फेब्रुवारीत वर्गातलं शेंडेफळसुद्धा सात ओलांडून गेलेलं असतं. म्हणजे अख्खा वर्ग आता पाप आणि गुन्हा दोन्हींसाठी पात्र. सात ते बारा या वयात मुलाला समज किती आली आहे ते कोर्टाने तपासायचं असतं, अशी पुढच्या कलमात सोय आहे. कोर्टाने कधी माझ्याकडे चौकशी केलीच, तर विवेकाबद्दल मी छातीठोकपणे काही सांगू शकणार नाही. सातव्या वर्षी वकिली येते, एवढं मात्र लिहून देईन. ती गृहीत धरावी लागत नाही.

वर्गातली निम्मी मुलं कॅथलिक : केळीच्या नि पानांच्या वाड्या असलेल्या कुपारी घरांतली आणि किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कोळ्यांची. उरलेल्यांत वाडवळ आहेत, आगरी आहेत, नालासोपाऱ्याहून रिक्षाने येणारी आहेत, मुसलमान घरांतलीही आहेत. मी स्वतः विरारची, घरात दीड दिवसाचा गणपती. इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशाला पालक पहाटेपासून रांगा लावतात आणि आमचा पट टिकवायला आम्हीच घरोघर जातो, हे रडगाणं इथे गात नाही. एवढंच म्हणते, की ज्यांना आपल्या मुलाने कडाकडा वाद घालायला शिकावं असं वाटतं, त्यांनी त्याला मराठीत शिकवावं. घासाघीस ज्या भाषेत ऐकली, त्याच भाषेत ती जमते.

यंदाचा फेब्रुवारीचा तिसरा आठवडा तर पंचांगवाल्याने आमचीच परीक्षा घ्यायची म्हणून बसवल्यासारखा होता. रविवारी १५ तारखेला महाशिवरात्र. १८ ला राखेचा बुधवार, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाची सुरुवात. १९ ला शिवजयंती. आणि रमजानचा चाँदही त्याच आठवड्यात दिसायचा होता. एका वर्गात तीन धर्मांचे उपास आणि एक महाराज.

सोमवारी अर्धा वर्ग पेंगत होता, कारण तो आदल्या दिवशी तुंगारेश्वराचा डोंगर चढून आला होता. परिपाठ मात्र नेहमीप्रमाणे झाला. परिपाठ म्हणजे राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. पहिली तासिका सुरू होण्याआधीच आमच्या मुलांनी देश, राज्य, संविधान आणि परमेश्वर अशा चौघांना शब्द देऊन ठेवलेला असतो. त्यानंतर रांगेने वर्गात यायचं. त्या तेवढ्या वाटेत दोन पेन्सिली चोरीला जातात.

शेवटच्या तासाला वर्गाची फाळणी होते. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणासाठी सिस्टरांकडे जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणासाठी माझ्याकडे राहतात. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे, अनुदानित शाळेत कुणाही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. घटनाकारांनी संमती पालकांची मागितली हे फार बरं झालं. मुलांची मागितली असती तर सगळा वर्ग सिस्टरांकडे गेला असता, कारण त्यांच्या तासाला सिंहाची गुहा असते, महापूर असतो, माणूस गिळणारा मासा असतो. माझ्या तासाला वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा असतो.

त्या सोमवारी सिस्टरांनी रक्षक दूताचा धडा घेतला. प्रत्येकाच्या उजव्या बाजूला देवाने नेमून दिलेला एक दूत असतो, तो दिसत नाही, पण सतत सांभाळतो. धडा गोड आहे. शाळेचे बाक तिघांचे आहेत. मंगळवारी सकाळी पहिली तक्रार आली : "बाई, हा माझ्या दूतावर बसला."

तिघांच्या बाकावर तीन दूत धरले की सहा जण होतात. मी तिघांनाही म्हटलं, दूताला उभं राहायची सवय असते. यावर खिडकीजवळच्या बाकावरून लगेच हरकत आली, "दिवसभर?" हा मुलगा पुढे वारंवार येणार आहे, म्हणून त्याला वकीलसाहेब म्हणू. वडिलांची रिक्षा आहे. मीटरवर न जाण्याची कारणं पोराने पाळण्यात असल्यापासून ऐकली असावीत.

त्या दिवशी सहा आणि सातच्या पाढ्यांची चाचणी होती. निम्म्या वर्गाकडे दूत आणि निम्म्या वर्गाकडे वक्तशीरपणा, ही परिस्थिती चाचणीच्या वेळी फार टोचते. माझ्या मूल्यशिक्षणातल्या एका मुलाने छोट्या सुट्टीत वकीलसाहेबांशी करार केला : चाचणीपुरता दूत वापरायला द्यायचा, भाडं चार बोरं. बोरं आगाऊ. फेब्रुवारीतली बोरं, पिकून लाल झालेली, ती त्याने खिशातून काढून बाकावर ओळीने मांडली. वकीलसाहेबांनी एकेक दाबून पाहिलं, किडकं एक परत केलं, बदली घेतलं, मग उजव्या खांद्यावरची अदृश्य धूळ झटकावी तसा हात फिरवून दूत शेजारच्या खांद्यावर ठेवला. हे मी दारातून पाहिलं. मध्ये पडायला हवं होतं, पण मलाही निकाल बघायचा होता.

चाचणीत भाडेकरूने सात अठ्ठे चोपन्न लिहिलं.

मोठ्या सुट्टीआधी दोघं एकमेकांच्या कॉलरला धरून होते. भाडेकरूचं म्हणणं, दूत आलाच नाही, बोरं परत पाहिजेत. वकीलसाहेबांकडे आता फक्त बिया होत्या. एवढ्यात चर्चची बाराची घंटा झाली. बाराच्या घंटेला आमच्या शाळेत जे चाललंय ते थांबतं. फळ्यावरचा खडू थांबतो, घशातला घास थांबतो. दोघांनीही कॉलरी सोडल्या. एकाने क्रुसाची खूण केली, दुसऱ्याने हात जोडून डोळे मिटले. प्रार्थना संपेपर्यंत दोघांच्याही चेहऱ्यावर संतांची शांती होती. "आमेन" झालं आणि कॉलरी जिथे सोडल्या होत्या तिथूनच पुन्हा धरल्या.

मग युक्तिवाद. वकीलसाहेब म्हणाले, "दूत आला होता. पण तो फक्त धोक्यातून वाचवतो. तू पडलास का? तुला गाडीने उडवलं का? विंचू चावला का? नाही ना? मग?"

भाडेकरू विचारात पडला. खरंच त्याला विंचू चावला नव्हता. "मग," तो म्हणाला, "आता घरी जाईपर्यंत माझ्याकडेच राहू दे. मला हायवे ओलांडायचाय." ही मुदतवाढ बिनबोरांची होती. वकीलसाहेबांना काही सुचेना. प्रकरण सिस्टरांकडे गेलं आणि त्यांनी एका वाक्यात निकाल दिला, की दूत देवाने सगळ्यांनाच दिलेला असतो, तो भाड्याने घ्यायची गरज नाही. बाजार तिथेच कोसळला. वकीलसाहेबांनी आणखी दोघांची बोरं आगाऊ घेतली होती, असं मागून कळलं.

बुधवारी राख. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या झावळ्या घरोघर तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभराने त्या वाळक्या झावळ्या परत चर्चमध्ये आणून जाळतात आणि त्याच राखेने कपाळावर क्रूस काढतात. दुसऱ्या बाकावरच्या एकाने रांगेतच हक्क सांगितला, की सगळ्यांत मोठी झावळी आमच्या घरची होती, म्हणून मला जास्त राख मिळाली पाहिजे. फादरांनी स्टीलच्या वाटीत अंगठा बुडवला आणि सगळ्यांना सारखीच दिली. पोरगं पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहिलं.

राख लावताना माणूस मातीचा आहे आणि शेवटी मातीतच मिळणार आहे, अशा अर्थाचे शब्द म्हणतात. यांच्या पणजोबांच्या लहानपणी ते लॅटिनमध्ये म्हणत, त्यामुळे कुणाचीच हरकत नसे. १९६२ ते ६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि तेव्हापासून प्रश्न सुरू झाले. "बाई, फादर मला माती म्हणाले," हे तक्रारीच्या सुरात. "कसली माती, बाई?" हे वाडीवाल्या घरातून आलेल्या मुलीचं, निव्वळ व्यावसायिक कुतूहलाने. काळी, लाल आणि रेताड असे तीन प्रकार तिला माहीत होते. केळीला काळी बरी, असंही ती म्हणाली. मी म्हटलं, तू काळीच.

राखेला धर्माची अट नसते. त्यामुळे ज्यांना हवी त्या सगळ्यांनी लावून घेतली आणि माझ्या मूल्यशिक्षणातली मुलंही रांगेत होती. त्यांच्यातला एक परत आला तो थोडा नाराज. "आमच्याकडे परवा शिवरात्रीला तीन रेघा होत्या," तो म्हणाला, "यांच्या दोनच." त्यावर एका कॅथलिक मुलीने शांतपणे उत्तर दिलं, "पण आमच्यातली एक उभी आहे." यावर काय बोलायचं ते कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

त्यानंतर सिस्टरांनी फळ्यावर लिहिलं : "उपवासकाळात मी काय सोडणार?" आधीच स्पष्ट केलं, की लहान मुलांवर सक्ती नाही. चर्चच्या कायद्याप्रमाणे मांस वर्ज्य करण्याचं बंधन चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि उपास अठरापासून साठाव्या वर्षाला लागेपर्यंतच. तुम्ही प्रेमाने काही सोडलंत तर सोडा. सक्ती नाही म्हटल्यावर अख्खा वर्ग तुटून पडला. सक्ती असती तर निम्म्यांनी पोटदुखी काढली असती.

चिठ्ठ्या गोळा झाल्या. कारलं सोडणारे सर्वाधिक. पडवळ त्याखालोखाल. एकाने दात घासणं सोडलं होतं, एकाने अभ्यास, आणि एकाने प्रामाणिकपणे "शाळा". एकीने चॉकलेट सोडलं म्हणून सिस्टरांनी कौतुक केलं, तेव्हा शेजारणीने फितुरी केली की दातांच्या डॉक्टरांनी तिचं चॉकलेट जानेवारीतच बंद केलंय. एकाने लिहिलं होतं, "मी माझ्या भावाला सोडलं." भाऊ पहिलीत आहे. सिस्टरांनी विचारलं, सोडलं म्हणजे? तर म्हणाला, ईस्टरपर्यंत तो माझा नाही. वकीलसाहेबांनी "भाडं" सोडलं होतं. मंगळवारच्या निकालानंतर ते तसंही राहिलं नव्हतं.

पहिल्या बाकावर एक बारीकशी मुलगी बसते. पेन्सिलचं टोक मोडलं तरी रडते, कुणी बघितलं तरी रडते, आणि कुणी बघितलं नाही तर त्यासाठी वेगळं रडते. तिची चिठ्ठी होती, "मी रडणं सोडलं." सिस्टरांनी ती चिठ्ठी मला दाखवली. आम्ही दोघीही जरा वेळ गप्प बसलो. ही चाळीस दिवस टिकणारी नव्हती.

चाळीस दिवसांचा हिशेबही त्याच दिवशी उघडकीला आला. राखेच्या बुधवारापासून ईस्टर ५ एप्रिलला. वर्गातल्या दिनदर्शिकेवर मुलांनी बोट ठेवून घरं मोजली. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्या सोप्या व्हाव्यात म्हणून "चाळीस सहा" असं वाचायची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. मी तेव्हा विरोधकांत होते आणि अजूनही आहे, पण त्या दिवशी पद्धतीने आपला इंगा दाखवला. "चाळीस सहा दिवस होतात," एकजण ओरडला, "सहा जास्तीचे आहेत!" सेहेचाळीस म्हटलं असतं तर ते सहा कदाचित लपून राहिले असते. सिस्टरांना सांगावं लागलं की मधले सहा रविवार उपवासकाळात मोजत नाहीत. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो.

वर्गात क्षणभर टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग वकीलसाहेबांनी वही उघडून मागच्या पानावर काहीतरी लिहून ठेवलं.

गुरुवारी शिवजयंती. सरकारी सुट्टी, म्हणजे शाळेत यायचं पण दप्तराशिवाय. मुख्याध्यापिका सिस्टरांचा आग्रह, की मुलांना गावचा इतिहासही कळला पाहिजे. म्हणून नाटुकलं बसवलं वसईच्या विजयाचं. हा विजय १७३९ सालचा, चिमाजी आप्पांचा. त्याआधी दोनशे वर्षं, १५३४ पासून, वसई पोर्तुगीजांकडे होती. शिवाजी महाराजांचं निधन १६८० सालचं. ही अडचण आमच्या महाराजांना कुणीतरी रंगीत तालमीच्या वेळी सांगितली. ड्रेपरीवाल्याकडून जिरेटोप, दाढी, मोजड्या सगळं येऊन पडलं होतं, भाडं दिलं होतं, आणि इतिहास म्हणत होता की महाराज या प्रसंगात नाहीत.

"मी आधीच वारलो असेन," तो म्हणाला, "तर मी वरून बघतो." आणि सरळ जाऊन मागच्या बाकावर उभा राहिला. सगळी लढाई त्याने वरून पाहिली. मधूनमधून चिमाजी आप्पाला हाताने "पुढे हो" असंही खुणावत होता. एकोणसाठ वर्षांचं अंतर त्याने एका बाकाच्या उंचीत मिटवलं. माझ्या मते मोठमोठ्या ऐतिहासिक मालिकांनी यापेक्षा जास्त सैलपणा केलेला आहे.

त्याच्या कपाळाचा प्रश्न त्याआधी सोडवावा लागला. आदल्या दिवशीची राख आजीने पुसू दिली नव्हती. सकाळची अंघोळ मानेखालून झाली होती आणि बुधवारी दिवसभर तो भुवया न हलवता फिरला होता. आता मला तिथे चंद्रकोर काढायची होती. सात वर्षांचं कपाळ ते केवढं, आणि त्यावर मागण्या दोन. शेवटी चंद्रकोर भुवयांच्या मधोमध खाली घेतली आणि जिरेटोप वरून ओढला, तेव्हा राख झाकली गेली. तो आरशात बघून म्हणाला, "आत आहे ना? मग चालेल."

पोर्तुगीज व्हायला आधी कुणीच तयार नव्हतं. टोपीला पीस आहे असं कळल्यावर तिघं भांडायला लागले. शेवटी तह होतो आणि पोर्तुगीजांना सन्मानाने किल्ला सोडून जाऊ देतात, एवढं इतिहासाला धरून होतं. ढोल वाजला, मावळ्यांनी वाट करून दिली, दोन पोर्तुगीज दाराबाहेर गेले. तिसरा पिसाची टोपी सावरत तिथेच उभा. मी पडद्याआडून "जा, जा" करते आहे. तो जोरात म्हणाला, "मी कशाला जाऊ? माझं घर नंदाखालला आहे." पालकांत असा काही हशा पिकला, की चिमाजी आप्पांचं शेवटचं भाषण राहूनच गेलं. समोरच्या खुर्च्यांत बसलेल्या आज्या तर डोळे पुसत हसत होत्या. संहितेत नव्हतं, पण पुढच्या वर्षी मी ते वाक्य ठेवणार आहे.

त्या गडबडीत पहिल्या बाकावरची आमची मुलगी, मावळ्याच्या वेशात, तटावरून म्हणजे टेबलावरून खाली आली आणि गुडघा फुटला. रक्त आलं. सगळ्या मावळ्यांनी लढाई थांबवून तिच्याकडे पाहिलं, कारण आता भोंगा वाजणार हे ठरलेलं. तिचा खालचा ओठ थरथरला, दुमडला, नाकपुड्या फुगल्या, डोळे काठोकाठ भरले. तिने वर पाहिलं, म्हणजे पाणी खाली येत नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता नाही. रविवारी."

शुक्रवारी डब्यांचा खटला उभा राहिला. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. शाळेत मिळणारी सरकारी खिचडी तशी बाराही महिने शुक्रवारच पाळते, त्यामुळे मोठ्या सुट्टीची चिंता नव्हती. चिंता छोट्या सुट्टीची. कोळ्यांच्या पोरीने डबा उघडला आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास पार चौथीपर्यंत गेला. घरापुढे वलांडीवर वाळलेले बोंबील, लसूण आणि मिरची घालून परतलेले. माझ्याच तोंडाला पाणी सुटलं, पोरांची काय कथा.

"शुक्रवारी नॉनव्हेज आणलंस?" मूल्यशिक्षणातल्या एकीने विचारलं.

"बोंबील आहे. मटण नाही."

"मासा नॉनव्हेजच असतो. आमच्या सोसायटीच्या घरमालकांनी लिहून घेतलंय."

वकीलसाहेब बचाव पक्षातर्फे उभे राहिले. मांस म्हणजे ज्याला पाय असतात त्याचं, असा त्यांनी मुद्दा मांडला. बोंबलाला पाय नाहीत. मुद्दा बिनतोड वाटला. पण मागून कुणीतरी विचारलं, "आणि चिंबोरी?" चिंबोरीला दहा पाय, नांग्या धरून. वसईतल्या वकिलाला चिंबोरी सोडून देणं परवडणारं नाही. तो दोन मिनिटं विचार करून म्हणाला, "ती आडवी चालते. आडवे पाय धरत नाहीत." बरं, कोळंबी? "तिचे पाय काढूनच शिजवतात."

आता दुसऱ्या पक्षाची उलटतपासणी झाली. "तुम्ही शिवरात्रीला काय खाल्लंत?" साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचे पापड. यादी संपेचना. कोळ्यांची पोरगी डबा मांडीवर धरून थक्क होऊन ऐकत होती. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण तिला माहीत नव्हती, पण तिच्या चेहऱ्यावर ती आपोआप उमटली. "एवढं सगळं खाऊन उपास?" ती म्हणाली. "मग मीपण हिंदूंचा उपास करते."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "आमच्यात पाणीपण पीत नाहीत." रोजे नुकतेच सुरू झाले होते. तिला अजून रोजा लागू नाही, दादा धरतो म्हणून हट्टाने तिने दुपारपर्यंतचा मागून घेतला होता. डबा आणलाच नव्हता. वॉटरबॅग होती, ती तिने भरल्या भरल्या समोर ठेवली होती आणि तिच्याकडे बघत बसली होती. वर्ग एकदम गप्प झाला. साबुदाणा आणि बोंबील दोघंही त्या क्षणी खटला हरले. वकीलसाहेबांनी मात्र आदराने विचारलं, "आणि थुंकी गिळली तर?" तिने सांगितलं की ती चालते. त्याने मान डोलावली. कायद्यातली एवढी बारीक तरतूद त्याला मनापासून आवडलेली दिसली.

शनिवारी अर्धी शाळा. तिसरीच्या मुलांची पहिल्या पापनिवेदनाची तयारी चालू आहे, कारण त्यानंतर प्रथम ख्रिस्तप्रसाद मिळतो. पूर्वी यासाठी मुलांना दहा-बारा वर्षांची, काही देशांत त्याहून मोठी होईपर्यंत ताटकळत ठेवत. पोप दहावे पायस यांनी १९१० साली हुकूम काढला की समज आली, साधारण सात वर्षं झाली, की पुरे. पोपसाहेबांनी मुलांची सोय पाहिली. पापांच्या पुरवठ्याचा विचार केला नाही. तिसरीतली चार मुलं आमच्या वर्गाच्या दारात घुटमळत होती. फादरांपुढे काय सांगायचं याची यादी त्यांना करायची होती आणि "आईचं ऐकलं नाही" एवढ्यावर गाडी अडली होती. आपलं काही शिल्लक असेल तर द्या, असं ते दुसरीवाल्यांना विचारत होते. बुधवारी भावाला सोडून देणाऱ्याने उदार मनाने ते पाप देऊ केलं. पण घेणाऱ्याला भाऊच नव्हता.

शेवटचा तास. मी गृहपाठ फळ्यावर लिहीत होते : सातचा पाढा पाच वेळा, भाडेकरूच्या कृपेने. मागे कुजबुज चालली होती, म्हणून वळून पाहिलं. पहिल्या बाकावरची मुलगी वही घेऊन खिडकीजवळच्या बाकापाशी सल्ला घ्यायला गेली होती. वहीच्या मागच्या पानावर तिने रेघा मारून ठेवल्या होत्या. एक रेघ गुडघ्याची. एक, तिची पट्टी मोडली त्याची. एक, खिचडीत मिरची आली त्याची. आणि एक गुरुवारची, घरी आईने सगळ्यांदेखत "माझी शहाणी मुलगी" म्हटलं, त्याचं काय कारण ते तिलाही नीट सांगता आलं नाही, पण रडू आलं होतं आणि तिने ते मागे ठेवलं होतं. उद्या रविवार. रविवार धरत नाहीत. तिचा प्रश्न असा, की सगळं उद्याच्या उद्या रडून संपवायचं की पुढच्या रविवारी थोडं नेलं तर चालतं?

वकीलसाहेबांनी वही हातात घेऊन रेघा मोजल्या.

"गुडघ्याचं आणि मिरचीचं उद्या रड," त्यांनी सांगितलं, "पट्टीचं सोडून दे, ती जुनी होती. आणि आईचं ईस्टरला ठेव. पाहुणे असतात तेव्हा."

तिने पट्टीची रेघ खोडरबराने पुसली. मग फी किती म्हणून विचारलं. त्याने ईस्टरपर्यंत भाडं सोडलेलं होतं, फी सोडलेली नव्हती.